माहेरचा शब्द

बसा असं भिताडाला टेकून. चहा टाकायला सांगितलाय. तवर तुमाला एका मायलेकीची गोष्ट सांगतो, अशी की चहावर साय धरली तरी तुमचा हात कपाकडं जाणार न्हाई. हसायची जागा आली तर हसा, आपलं काई म्हणणं न्हाई. फकस्त मधीच उठू नका. अर्धी सोडलेली गोष्ट माणसाच्या मागं लागती.

तर कंधारच्या स्टँडवर जळकोटहून जांबमार्गे येणारी एसटी लागली, अन साखराबाई खिडकीखिडकीत डोकावत गाडीसंगं पळू लागली. सकाळी लेकीचा, उज्वलाचा, फोन आलता. "माय, येऊ लाले. स्टँडवर ये." बस, एवढंच. कामून, कशाला, जावई संगं हाय का, काई पत्ता न्हाई.

दारातून आधी कंडक्टर उतरला. मग त्यानं हात वर करून उज्वलाच्या कोपराला धरलं.

"सावकाश ताई. लेकरू संभाळा."

उज्वलाच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं काईतरी व्हतं. वरून लाल कुंची. तिच्या मागून एक जाडजूड बाई उतरली, ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलली.

"पुढली शीट दिली बघा आमी तिला. वली बाळंतीण, धक्के बसतेत. मुलगा का मुलगी ओ मावशी? इचारून दमले, पोरगी सांगतच न्हाई. लाजती!"

साखराबाईचे पाय जागीच रुतले. पंचमीला ही पोरगी माहेरी येऊन झोका खेळून गेलती, पोट पाठीला लागलेलं. आता कुठं थंडी पडू लागली. एवढ्यात लेकरू कुठून यील? पण भोवती माणसं उभी. पानठेल्यावरला वळखीचा. त्यांच्याच गिरणीवर दळायला येणाऱ्या दोघी. सगळ्यांच्या माना हिच्याकडं. लेकीच्या लग्नाला साहा वर्सं झाली, अन साहा वर्सं ह्याच माना "काई हाय का न्हाई अजून?" म्हणून इचारत आल्या.

"मुलगा," साखराबाई म्हणली.

म्हणली अन लेकीच्या हातातलं दुपटं आपल्या हातात घेतलं. तिचे हात झटक्यात खाली गेले. लेकराला वजन असतं, पण ते सगळ्या अंगात वाटलेलं असतं. मान एकीकडं, ढुंगण एकीकडं. हे वजन एका जागी व्हतं. अन दुपट्यातून बी गार लागू लालतं.

उज्वला मायच्या तोंडाकडं बघत व्हती. फकस्त डोक्यावरला पदर सारखा केला.

साखराबाई अन तिचा मालक गुंडप्पा, दोघांची किल्ल्याच्या वाटंवर पिठाची गिरणी. पुढं गिरणी, मागं घर. गल्लीतली हरेक बाई डबा घेऊन तिथं टेकायची, त्यामुळं गल्लीत कुणाला शिंक आली तरी ती आधी गिरणीवर कळायची. ऑटो घरी पोचायच्या आधी "उज्वलाला मुलगा झाला" ही बातमी पोचली व्हती. शेजारची वहिदा, शिलाई मशीनवर कपडे शिवणारी, दारातूनच वरडली, "क्या गे आक्का! गुपचूप नानी बन गई? मिठाई कुठाय?"

"देते गं, देते," म्हणत साखराबाई आत घुसली अन मधलं कवाड लावलं.

आतल्या खोलीत उज्वलानं दुपटं उलगडलं. कुंची काढली. झबलं काढलं. आत वरवंटा व्हता. पाट्यावरला वरवंटा, काळा, तेल पाजून पाजून लखलखीत केलेला. त्याच्या एका टोकाला काजळाची तीट.

गुंडप्पा गिरणीतून आत आला, भिवया पिठानं पांढऱ्या. त्यानं बघितलं. हात धोतराला पुसले, परत पुसले. मग तसाच माघारी गेला अन गिरणी चालू केली. टोपल्यात दाणा नव्हता. रिकामी गिरणी फिरत राहिली, दगडावर दगड घासत.

"हे काय हाय गं माय?" साखराबाईनं इचारलं.

उज्वला खाली बसली. तवा साखराबाईला दिसलं, तिचं पोलकं म्होरून दोन जागी वलं झालतं. पोटात काई न्हाई अन पान्हा फुटलाय.

"काढा देतेत त्या," उज्वला म्हणली. "कडू. रोज."

"त्या म्हंजी?"

"आयांच्या मळ्यातल्या. तुला ठावं हाय की."

ठावं व्हतं. जळकोटाच्या पलीकडं एक मळा हाय, लोक त्याला आयांचा मळा म्हणतेत. ज्यांची कूस उजवत न्हाई अशा बायांना तिथं नेतेत. दिवाळीच्या आधी इहीणबाईचा, कस्तुराबाईचा, फोन आलता: "उज्वलाला तिथं न्यावं म्हणतो, तुमचं काय?" तवा ह्याच साखराबाईनं हात जोडून म्हणलं व्हतं, "न्या की बाई. पोटात काई यील तर तुमचं बी घर भरंल, आमची बी मान वर व्हईल." वरून मळ्यासाठी नारळ अन खण धाडला व्हता. लेकीला इचारलं नव्हतं. लेकीला काय इचारायचं?

आता तुमाला बारशाची रीत ठावं असंलच. पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालतेत. बाया पाळण्याच्या दोन्ही अंगाला बसतेत, वरवंट्याला लेकरावाणी गुंडाळतेत, पाळण्याच्या वरून-खालून एकमेकीला देतेत. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." लेकरू दगडासारखं टणक व्हावं, म्हणून दगडाचा मान पहिला. मागून लेकरू. आपल्या आयांनी केलं, बायकांनी केलं, कुणाला त्यात काई वावगं वाटलं न्हाई.

मळ्यातल्यांनी तेवढाच तुकडा उचलला. दगड आधी, लेकरू मागून. तर म्हणे ज्या बाईला लेकरू पाहिजे तिनं आधी दगड वाढवायचा. पोटाला बांधून हिंडायचं. न्हाऊ घालायचा, तीट लावायची, अंगावर घ्यायचा.

"अन लेकरू कवा व्हतंय मग?" साखराबाईनं इचारलं.

"कुणालाच झालेलं न्हाई, माय."

गिरणी तिकडं रिकामीच फिरत व्हती.

"मागल्या अंगाला एक लांब खोली हाय," उज्वला सांगू लागली. आवाज असा सपाट, जसं बाजारचा भाव सांगू लालीय. "झोळ्या टांगल्यात वळीनं. हरेक झोळीत एक. एखादा रडला की सगळ्या बायांची पोलकी भिजतेत."

"दगड कसा रडंल गं, येडे?"

"पहिल्या दिशी मी बी असंच इचारलं व्हतं."

साखराबाईनं वरवंट्यावर दुपटं वढलं. उघडं बघवंना.

मग उज्वलानं ती कशाला आली ते सांगितलं. येत्या गुरुवारी बारसं. बारसं माहेरीच करायचं, हा मळ्याचा नेम. मळ्याच्या बाया येणार, त्यांची मोठी, सिद्धम्मा, पाळण्यापाशी उभी राहून इचारणार: माहेरचं काय म्हणणं हाय? पाळण्यात काय हाय? माहेरच्यांनी "लेकरू" म्हणलं की उज्वला मळ्याची झाली, जल्मभर. तिथल्या बाया माघारी येत न्हाईत. त्यांचे नवरे सणावाराला जाऊन बघून येतेत. अन माहेरच्यांनी "दगड" म्हणलं तर त्या दगड उचलून चालत्या व्हणार. पोरगी मोकळी.

"मग तूच म्हण की दगड, अन ऱ्हा हितं," साखराबाई म्हणली.

उज्वलानं तोंड उघडलं. ओठ हालले, जीभ टाळूला लागली. आवाज आला न्हाई. घशाच्या शिरा तटतटून आल्या अन डोळ्यातून पाणी आलं, पण शब्द आला न्हाई.

"मला म्हणता येत न्हाई, माय. लई दिस झाले. म्हणून तर आले. तू म्हण. तुझं चालतंय."

"अन जावई?"

"सुदर्शनला दुसरी करणार हायत. ठरलंय बी, वाटतं."

"अन मग तू?"

"मी हितं. गिरणीवर बसंन."

साखराबाईच्या मनात काय आलं ते सांगतो, लपवत न्हाई. नवऱ्यानं टाकलेली, पोटी लेकरू न्हाई, अन दगडाला लेकरू म्हणून एसटीनं घेऊन आलेली. पुऱ्या कंधारात हसू व्हईल. मनातल्या मनात तिनं सोताच्या थोबाडीत मारली, अन म्हणली, "म्हणंन. त्यात काय? दगडाला दगड म्हणायला काय मोल पडतंय?"

"स्टँडवर..." उज्वला म्हणली, अन थांबली.

"तिथं त्यांचं कुणी नव्हतं ना?"

"न्हाई."

"मग झालं तर."

पण झालं कुठलं. बाहेर गल्ली जागी झालती. डिंकाचे लाडू आले, टोपडी आली, कुणाच्या घरून जुनं लाकडी पांगुळगाडं आलं. साखराबाई दारातच सगळं घ्यायची. "दिठ लागती बाई, बारशालाच बघा." बाया म्हणायच्या, बरोबर हाय, साहा वर्सांनी झालंय. मग एकीनं इचारलं, रंग कसा? साखराबाई म्हणली, सावळा. खोटं तरी कुठं व्हतं ते! वहिदानं उरलेल्या कापडाचं झबलं शिवलं, बोटाच्या पेराएवढ्या गुंड्या लावल्या, अन इचारलं, "नाक किसपे गया गे आक्का?"

"आज्यावर."

"हाय अल्ला! मग लेकराचं कठीण हाय," वहिदा म्हणली. गुंडप्पाचं नाक म्हंजी भज्यावाणी. दोघी हसल्या. साखराबाई हसता हसता आत गेली अन माठाला धरून उभी राहिली.

गिरणी चालू असली की ती सराव करायची. दाणा वतायचा, पट्टा गरगर फिरायचा, अन त्या आवाजात ही पुटपुटायची, दगड. दगड. दगड हाय तो. आवाजात आवाज मिसळून जायचा, कुणाला ऐकू येत नव्हतं. गिरणी बंद झाली की हिचं बी बंद.

अन एक दिस दुपारी ती आत गेली, तर गुंडप्पानं आढ्याला पाळणा टांगलेला. सोता खाली बसून बिडी न पेटवता तोंडात धरलेली, अन पायाच्या अंगठ्यानं दोरी वढून राहिला व्हता.

"काय करू लालाव?"

"काई न्हाई. दोरी भक्कम हाय का बघू लालतो."

"आत काय हाय?"

गुंडप्पानं बिडी कानावर ठिवली. "हळू बोल की," म्हणला. "उज्वलाचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

उज्वला भिताडाकडं तोंड करून निजलेली. पाळणा हालायचा थांबला तसं तिचं अंग चाळवलं. गुंडप्पानं परत अंगठा टाकला.

गुरुवारी दुपारी दोन जीपगाड्या गल्लीत आल्या. साखराबाईला वाटलं व्हतं केस सोडलेल्या, मळवट भरलेल्या बाया उतरतील. तसं काई न्हाई. चांगल्या घरच्या, सुती लुगड्याच्या, हसऱ्या बाया. फकस्त हरेकीच्या कमरेला पदराची गाठ अन त्या गाठीत काईतरी जड लोंबलेलं. सगळ्यात म्होरं सिद्धम्मा. गोल तोंडाची, मऊ हाताची, अंगाला मेथीचा वास. तिनं साखराबाईला मिठीच मारली.

"किती ऐकलं तुमच्या गिरणीचं! उज्वला म्हणायची, आमच्या आईच्या हातचं पीठ म्हंजी चाळणी लागत न्हाई."

इहीणबाई, कस्तुराबाई, तिच्या मागं उभी. तिनं साखराबाईच्या नजरंला नजर दिली न्हाई.

साखराबाईनं ठरवलं व्हतं, बारसं म्हंजी मळ्याच्या बाया अन आपण. पण 'बारशालाच बघा' असं तीच दारात म्हणली व्हती, अजून आवतन कसलं? दार उघडं दिसलं तशी पुरी गल्ली आत आली. कुणाच्या हातात झबलं, कुणाच्या हातात खुळखुळा. घुगऱ्यांच्या पाट्या मधी. उंबऱ्यापाशी वहिदा, मांडीवर आपलं शिवलेलं झबलं घेऊन.

सिद्धम्मानं पाळण्यातून दुपटं उचललं. गल्लीतल्या बायांना काई नवल वाटलं न्हाई. बारशाला वरवंटाच आधी असतोय. त्या पटकन दोन्ही अंगाला बसल्या, पाळण्याच्या वरून-खालून देऊ-घेऊ लागल्या.

"कुणी गोविंद घ्या!"

"कुणी गोपाळ घ्या!"

"अगं बया, लईच जड गं तुमचा गोपाळ!"

"आज्याच्या गिरणीचं फुकट पीठ खाल्लंय त्यानं!"

हसणं उसळलं. उज्वला पाटावर बसलेली, वटी भरलेली, अंगावर हिरवं लुगडं. ती हसत नव्हती. ती मायच्या ओठाकडं बघत व्हती, अशी, जशी पाण्यात पडलेलं माणूस काठावरल्या माणसाच्या हाताकडं बघतंय.

मग वरवंटा पाळण्यात निजवला अन गल्लीतली म्हातारी शेवंताकाकू गुडघ्यावर हात ठिवून म्हणली, "झाला दगडाचा मान. आणा आता लेकरू!"

"आणा, आणा! बघू तरी आज्याचं नाक!"

मळ्याच्या बाया उभ्या राहिल्या. सिद्धम्मानं पाळण्याच्या दोरीला हात लावला, अन लई मायेनं, एखादी इहीण जेवायला इचारती तसं, इचारलं.

"साखराबाई, माहेरचं काय म्हणणं हाय? पाळण्यात काय हाय?"

आता बघा. एक शब्द. गिरणीच्या आवाजात हजारदा म्हणलेला. साखराबाईनं तोंड उघडलं. "द..." एवढं निघालं बी. त्या टायमाला तिच्या नजरंम्होरं सगळी तोंडं आली. स्टँडवरल्या त्या दोघी बी आलत्या. त्यांच्या मांडीवरली झबली, टोपडी. हे सगळं लेकरासाठी, जे तिनंच आपल्या तोंडानं जल्माला घातलं व्हतं. अजून एक अक्षर, दोन अक्षरं, अन ह्या तोंडांवरलं हसू कसं फिरंल ते तिला लखलखीत दिसलं.

"काय झालं आक्का?" शेवंताकाकूनं इचारलं. "लेकरू बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की!" साखराबाई म्हणली. "दिठ लागती म्हणून आणलं न्हाई. लेकरू झोपलंय."

बोलून झाल्यावर तिला आपला आवाज ऐकू आला.

"लेकरू," सिद्धम्मा म्हणली. जिभंवर ठिवून चव घेतल्यासारखं म्हणली. "लेकरू झोपलंय. ऐकलं बायांनो? वाटा घुगऱ्या."

उज्वला रडली न्हाई, वरडली न्हाई. तिनं हात लांब करून पाळण्याला एक झोका दिला. मग पदर डोक्यावरून वढून घेतला, पार नाकापर्यंत.

गल्लीतल्या बाया घुगऱ्या खाऊन, पदरात घालून, "बघू मग सवडीनं" म्हणून बाहेर पडल्या. पांगल्या मातर न्हाईत. आपापल्या दारात उभ्या राहिल्या, जीपगाड्या बघत. आत सिद्धम्मानं उज्वलाच्या खांद्यावर हात ठिवला.

"लेकरू हितंच ऱ्हाईल. आजीनं आपलं म्हणलंय, आजीपाशी वाढंल. आई आमच्यापाशी."

"थांबा," साखराबाई म्हणली. "माझी लेक हाय ती."

"लेक व्हती, बाई. आता आई झाली. तुमचीच इच्छा व्हती न्हवं? नारळ धाडला व्हता तुमी."

कस्तुराबाई तवा पहिल्यांदा बोलली, तोंड दुसरीकडं करून. "मी तुमाला इचारलं व्हतं, इहीणबाई. फोन करून इचारलं व्हतं."

उज्वला सोताच्या पायानं जीपमधी चढली. साखराबाई मागं पळाली. जीप चालू झाली तवा ती पार चाकापाशी पोचली व्हती. हात घातला असता तर लेकीचा पदर हाताला लागला असता. पण दोन्ही अंगाला दारादारात बाया उभ्या. साखराबाईचा हात वर गेला अन तिथंच हालू लागला. सासरी निघालेल्या लेकीला करतेत, तसा तिनं हात केला. गाडी वळणाला जाईतोवर करत राहिली.

"अगं, अन लेकरू?" कुणीतरी इचारलं.

"तिची तब्येत बरी न्हाई. आमच्यापाशीच ठिवलंय थोडे दिस."

"बरं केलं गं माय. नशीबवान हाईस."

घरात आली तर गुंडप्पा चुलीपाशी. पातेलं चढवलेलं.

"काय करू लालाव?"

"दूध," गुंडप्पा म्हणला. तिच्याकडं बघितलं न्हाई. "त्याची आई गेली न्हवं आत्ता."

तुमी म्हणताल, पोलिसात जावं. गुंडप्पा एकदा म्हणला बी, जाऊ का. साखराबाई म्हणली, जाऊन काय सांगणार? लेकरू व्हतं म्हणून? का नव्हतं म्हणून? आपणच पुऱ्या गल्लीला घुगऱ्या वाटल्या.

पुढं काई दिसांनी वहिदा आली. झबलं द्यायचं राहून गेलतं. दुपारची येळ, गिरणी बंद, मधलं कवाड उघडं. साखराबाई पाळण्यापाशी तेलाची वाटी घेऊन बसलेली. वहिदा थेट आत आली, पाळण्यात वाकली अन दुपटं बाजूला केलं. लई येळ बघत राहिली. हात लावला. तो गार नव्हता. खिडकीतून ऊन येत व्हतं म्हणा. उनात ठिवल्यावर तापतोच की कुठलाबी.

"आक्का," वहिदा म्हणली, "ये तो पत्थर हाय गे. दगड हाय हा."

साखराबाईनं पटकन तिच्या तोंडावर हात ठिवला. तेलाचा हात.

"हळू बोल," म्हणली. "ऐकू जातंय त्याला."

वहिदानं तिचा हात हळूच बाजूला केला, अन तसाच आपल्या हातात धरून बसली. तवा कुठं साखराबाईनं तोंड उघडून तिला सगळं सांगितलं, स्टँडपासून. सगळं सांगितलं, पण जिथं जिथं तो शब्द यायचा तिथं तिथं ती थांबायची. ओठ हालायचे, जीभ टाळूला लागायची, घशाच्या शिरा तटतटायच्या. वहिदा थांबायची, अन तो शब्द सोता म्हणायची, अन साखराबाई मान हालवून म्होरं जायची.

साखराबाई मळ्यावर बी जाऊन आली, एकदा न्हाई, दोनदा. फाटकावर चांगल्या तोंडाची बाई उभी असती.

"कोण पाहिजे?"

"उज्वला. मी तिची माय."

"हितं नावं नसतेत बाई. सगळ्या आयाच हायत." मग ती हसून इचारती, "लेकरू कसं हाय?"

मागं बांधावर मळ्याला आलेले लोक उभे असतेत, लेकीसुना घेऊन. ऐकत असतेत. साखराबाई त्यांच्याकडं बघती, अन म्हणती, "बरं हाय. बाळसं धरू लालंय." अन माघारच्या गाडीत बसती.

वहिदा गप बसणाऱ्यातली न्हाई. ती म्हणती, नेम माहेरच्या शब्दाचा हाय न्हवं? मग शेजार म्हंजी माहेरच की गे. मी त्या पोरीचं पहिलं परकर-पोलकं शिवलंय. तिनं सोता जाऊन बघितलं, पण बुरखा बघून फाटकावरच्या बाया तिला रस्त्यावरूनच वळवतेत. म्हणून जळकोटाकडं चाललेल्या हरेक माणसाला ती गाठती अन निरोप देती. मला बी तिनंच दिला. माझे गुडघे गेले, मला आता जाणं व्हत न्हाई.

तुमी उद्या तिकडंच चाललात म्हणला न्हवं? मग माझं एक काम करा. मळ्यापाशी गाडी घडीभर उभी करा. खाली उतरू नका, कुणाशी बोलू नका, कुणी काई इचारलं तर जबाब देऊ नका. काच खाली घ्या अन मोठ्यानं, त्या मागल्या लांब खोलीपर्यंत जाईल असं, एकदा म्हणा: उज्वला, माहेरहून निरोप हाय, दगड हाय तो. बाजूला चारचौघं उभे असतील, तुमाला लाज वाटंल. वाटली तरी म्हणा.